माझ्याच साक्षीदाराला विचारलेला प्रश्न

नव्या सरकारी वकिलांसमोर दोन तास बोलाल का, असं फोनवर विचारलं गेलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. गुन्ह्याचा प्रकार पाहून खटला कसा चालवायचा, हा विषय होता. चोरीत काय बघायचं, अपघातात काय, मारहाणीत काय, लेकराच्या केसमध्ये प्रश्न कसे विचारायचे. नोकरीतली सगळी वर्षं मी हेच केलं होतं. तयारी करावी लागेल असं वाटलंच नाही. प्रत्यक्षात तयारीला बसलो आणि सुरुवातीलाच अडकलो, कारण कलमांचे आकडे आता बदललेत. तोंडात जुने आकडे बसलेले आणि समोर नव्या कायद्याचं पुस्तक.

बायको शेंगा फोडत बसली होती. मी तिला म्हणालो, "तीनशे दोनला आता एकशे तीन म्हणायचं."

"मग चारशे वीस माणसाला काय म्हणायचं?"

"तीनशे अठरा."

"जमायचं नाही," ती म्हणाली. "शिवी दिल्यासारखं वाटतच नाही."

जालन्यातच एका सभागृहात कार्यक्रम होता. समोर तीसेक मुलंमुली. मी चोरीपासून सुरुवात केली. जप्त केलेली वस्तू फिर्यादीला कोर्टात दाखवा, ती त्याचीच कशावरून हे त्याच्याच तोंडून येऊ द्या. अपघातात नकाशा आणि फोटो यांच्यात वेळ जातो, पण गाडी कोण चालवत होतं हेच सिद्ध करायचं राहून जातं. मारहाणीत हत्यार डॉक्टरांच्या हातात द्या आणि ही जखम यानेच होऊ शकते का, हे विचारा. लेकरू साक्षीला आलं की त्याची आई कुठे बसली आहे ते आधी त्याला दाखवा. मुलं लिहून घेत होती. मला बरं वाटत होतं. माझं बोलणं अजून कोणीतरी लिहून घेतं, याचं या वयात बरं वाटतं.

मग मी फितूर साक्षीदाराकडे आलो. पोलिसांपुढे एक सांगितलं आणि कोर्टात दुसरं, की साक्षीदार फितूर. कोर्टाची परवानगी घ्यायची आणि आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी करायची. पोलिसांनी लिहिलेला जबाब वाचून दाखवायचा. तो म्हणणार, मी असं सांगितलं नव्हतं, पोलिसांनी का लिहिलं ते सांगता येणार नाही. शेवटी त्याला सुचवायचं की आरोपीशी तडजोड झाली म्हणून तू खोटं बोलतो आहेस. तो नाही म्हणणार. पण सुचवायचंच. नाही सुचवलं तर उद्या वरचे साहेब विचारतील की तुम्ही गप्प का बसलात.

तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, तडजोड झाल्याचं आपल्याला काहीच माहीत नसेल तर?"

"तरी विचारायचं."

"कशाच्या आधारावर?"

"आधार लागत नाही. ती नुसती सूचना असते."

कोणीतरी हसलं. ती हसली नाही. तिने ते लिहूनही घेतलं नाही.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. परभणी रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या कोर्टात नुकतीच नेमणूक झाली आहे, असं तिने सांगितलं. मग कप खाली ठेवून म्हणाली, "सर, माझ्या आईला तुम्ही ही सूचना घातली होती. मी तेव्हा शाळेत होते."

मी गाव विचारलं. वाटूरहून मंठ्याकडे जाताना आत लागणारं एक गाव तिने सांगितलं. एका विहिरीवर दोन घरांची पाण्याची पाळी, त्यावरून झालेलं भांडण, लोखंडी पाइप, तिच्या मामाचं मोडलेलं मनगट. मला तो पाइप आठवला. मामाचा चेहरा आठवला. तिची आई आठवेना. एवढ्या साक्षीदारांमधून एक बाई कशी आठवणार, असं मी स्वतःशी म्हणत होतो आणि तेवढ्यात आठवली. तिने दोन्ही हातांनी साक्षीदाराच्या कठड्याची फळी धरली होती.

"मामाने तेव्हापासून आईला घराची पायरी चढू दिली नाही," ती मुलगी म्हणाली. "आजी आता अंथरुणावर आहे. आईला तिला एकदा बघायचंय. मामा म्हणतो, इकल्या गेलेल्या बहिणीला माझ्या घरात जागा न्हाई. सर, मामा आमचं कोणाचंच ऐकत नाही. तुम्ही एकदा बोलाल?"

मी बघतो म्हणालो. दुसरा तास कसा घेतला ते मला सांगता येणार नाही. काही मुलांनी नंतर सांगितलं की मी अपघाताचा भाग पुन्हा सांगितला.

त्या खटल्याची मला जी हकिकत माहीत आहे ती अशी. फिर्यादी, म्हणजे तो भाऊ, त्याने शेजारच्या घरातल्या तिन्ही भावांची नावं दिली होती. त्याची बहीण पंचमीला माहेरी आली होती, मारामारी पाहणारी ती एकटीच. पोलिसांनी लिहून घेतलेल्या तिच्या जबाबातही तिघांची नावं होती. तिचं सासर अंकुशनगरकडे, नवरा साखर कारखान्यात कामाला. आरोपींची एक आत्या तिच्या सासरच्या गावात दिलेली होती. कोर्टात भावाने तिघं सांगितले. मग ती आली आणि म्हणाली, "दोघं व्हते. धाकला न्हवता. धाकला मागून पळत आल्ता, सोडवायला."

मी उठलो, परवानगी मागितली आणि तिला फितूर ठरवलं. आरोपींची आत्या तुझ्या सासरच्या गावात आहे ना? आहे. तिच्यामार्फत तडजोड झाली म्हणून तू खोटं सांगतेस, बरोबर? ती माझ्याकडे बघत राहिली. न्यायाधीशांनी तिला विचारलं, हे खरं आहे का. ती न्हाई म्हणाली. टंकलेखकाने नेहमीप्रमाणे लिहिलं: हे म्हणणे खरे नाही की, आरोपींशी तडजोड झाल्यामुळे मी खोटी साक्ष देत आहे. माझं वाक्य तिच्या साक्षीत, तिच्या नावावर गेलं. तिचा भाऊ, त्याची साक्ष संपली होती म्हणून, मागच्या बाकावर बसून ऐकत होता.

तिघेही सुटले. फिर्यादी तीन सांगतो, बहीण दोन सांगते आणि बहीण खोटारडी असल्याचं सरकार पक्षच म्हणतो, तर विश्वास कोणावर ठेवायचा, असा निकाल होता. तेव्हा तो मला बरोबर वाटला. अपील करण्यासारखं काही नाही, असा अभिप्राय मीच वर पाठवला आणि कारण लिहिलं, महत्त्वाची साक्षीदार फितूर.

आता या वयात, वर्गातून घरी येताना, रिक्षात बसल्यावर मला दिसलं ते हे. ती दोघांविरुद्ध ठाम बोलली होती. मी फक्त खाली बसून राहायला हवं होतं. तिसरा सुटला असता, दोघांना कदाचित शिक्षा झाली असती. तिची साक्ष आरोपीच्या वकिलाने मोडली नाही, मीच मोडली. पण हे लिहितानाही मला खात्री नाही. हाडाचा फोटो उशिरा काढला होता, पंच आधीच उलटले होते. कदाचित तरीही सुटले असते. आणि तिला खरोखरच कोणी सांगून पाठवलं असेल तर? माझा प्रश्न आंधळा होता, पण आंधळा प्रश्नही चुकून बरोबर असू शकतो. एक केस मी दोन्ही बाजूंनी चालवत होतो आणि दोन्ही बाजूंनी हरत होतो.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, मग तुम्ही तिकडे जाऊन नेमकं काय सांगणार? ती खरं बोलली असं?"

"ते मला माहीत नाही."

"खोटं बोलली असं?"

"तेही माहीत नाही."

"मग जाऊ नका. नाहीतर जा आणि हेच सांगा. पण घरी बोलता तसं कोर्टाच्या भाषेत बोलू नका, त्याला समजायचं नाही."

मी परतूरच्या गाडीने वाटूरला उतरलो आणि तिथून रिक्षा केली. वाटेत वाक्यं जुळवत होतो. आधी सांगायचं की सूचना म्हणजे आरोप नव्हे. मग सांगायचं की तडजोडीचं मला कोणीही सांगितलं नव्हतं. मग निकालाचं. गाव येईपर्यंत त्यांचा क्रम तीनदा बदलला होता.

भाऊ ओट्यावर बसला होता. केस पांढरे झालेले, उजवं मनगट आतल्या बाजूला वळलेलं. त्याने मला ओळखलं.

"या वकीलसाहेब. लई दिसानी. परत तारीख लागली का काय?"

"तारीख नाही. तुमच्याशी बोलायचं होतं."

"भाचीनं धाडलं व्हय तुम्हाला? ती बी वकील झाली म्हणं. सरकारी. म्हणजी तुमच्यासारखी." त्याने आत बघून आवाज दिला, "च्या टाका, कोर्टाचे साहेब आलेत." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या कोर्टात च्या बी आम्हीच पाजत होतो, तवा सवय हाय."

मी सुरू केलं. साक्षीदार वेगळं बोलला की त्याला काही प्रश्न विचारावेच लागतात, ते प्रश्न म्हणजे आमचं मत नसतं, ती पद्धत असते. तो ऐकत होता. मी साक्षीचा नियम सांगितला, तर जुनं कलम बोललो, मग नवं बोललो, मग दोन्ही सोडून दिली. तडजोडीबद्दल विचारलं ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं, हे सांगितलं. तो हात हलवून म्हणाला, "साहेब, थांबा. तुम्ही कोर्टात काय इच्यारलं ते मला कळलंच न्हाई तवा. वकील लई बोलत्यात, साहेब लिहित्यात, आमाला काय कळतंय."

"मग?"

"मग भायेर आलो. निकाल लागल्यावर. जिन्यापाशी तुम्ही म्हणले, तुमची बहीणच फिरली, मी काय करू. ते कळलं मला. ते बराबर कळलं."

मी तसं म्हणालो होतो का? मी आठवून पाहिलं आणि मला काहीच आठवेना. जिना आठवला, त्याचा लाकडी कठडा आठवला. पण फिर्यादी हरला की मी जे काही म्हणत असे ते असंच असायचं. तुमचे पंच उलटले, तुमचा डॉक्टर आला नाही, तुमचा भाऊ फिरला. दिवसाला कोणाला ना कोणाला. निकालाची फाइल बगलेत धरून, दुसऱ्या खटल्याला जाता जाता. म्हणजे मी म्हणालोच असेन. वर्गापासून मी ज्या प्रश्नाला घाबरत होतो, तो तर त्याला कळलाही नव्हता.

"ते चुकीचं होतं," मी म्हणालो. "तिच्यामुळे तुम्ही हरला नाहीत."

"मंग कोनामुळं?"

"माझ्यामुळे. ती दोघांच्या विरोधात बोलली होती, ते मी टिकवायला हवं होतं. मीच तिला खोटं ठरवलं."

"म्हणजी ती खरं बोलली?"

इथे मी अडखळलो. हो म्हणणं सोपं होतं. एका म्हाताऱ्या बाईला लेक दिसली असती, काम झालं असतं. पण माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी बोलूनच मी इथवर आलो होतो. दुसऱ्यांदा तेच करावं का, हे मला कळेना.

"ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिथे नव्हतो. तुम्ही होतात. तुम्हीच सांगा, धाकटा तिथे होता का?"

त्याने वाकडं मनगट मांडीवर ठेवलं. आत भांड्यांचा आवाज थांबला. त्याची बायको चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली.

"मार खानाऱ्यानं मोजायचं अस्तं का, साहेब?"

"पोलिसात तुम्ही तिघांची नावं दिली."

"तिघं भाऊ हायत ते. एका घरात ऱ्हातेत, एका विहिरीचं पानी पितेत. दोघांचीच नावं घ्यायची आन् तिसऱ्याला सोडायचं? जमादार बी म्हणला, घे तिघांची. गावात समदे तसंच करून राह्यले. तुम्ही कोर्टात बसून न्हाई बघितलं का कधी, चार भाऊ असलं की चौघांची नावं येत्यात?"

बघितलं होतं. अशा फिर्यादी मी शेकड्याने चालवल्या. चार भाऊ असले की चौघांच्याही हातात काठी असायचीच. ती प्रत्येक फिर्याद मी खरी धरली आणि या बाईने एक भाऊ कमी सांगितला म्हणून तिला खोटी धरली. त्याने आता कबूल केलं होतं का? की नुसती गावाची रीत सांगितली? तो साक्षीदार असता तर मी पुढचा प्रश्न विचारला असता. पण मला तो प्रश्न सुचला नाही, किंवा सुचला आणि मी गिळला.

"मग ती एक कमी बोलली," त्याची बायको दारातून म्हणाली, "म्हणून का जल्मभर तिचं तोंड बघायचं न्हाई?"

"तू च्या दे," तो म्हणाला.

आतून म्हातारीचा आवाज आला, खूप मोठा, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा. "कोन आलंय रं?"

"कोर्टाचे साहेब!"

"निकाल लागला का?"

"लागला ना आई! कवाच लागला!"

"मंग पोर कवा यायची?"

तो चहा बशीत ओतून डाव्या हाताने प्यायला. उजव्या हाताला बशी पेलत नसावी. मीही प्यायलो. खूप गोड होता. मला आणखी काही बोलायचं होतं, निकालाचा भाग तर राहूनच गेला होता, पण तो ऐकायला कोणी नव्हतं.

मी उठलो तेव्हा तो माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. रिक्षावाल्याला त्याने, साहेबांना गाडीत बसवून दे, असं सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सकाळी मी मळ्यात अस्तो. बारापोतर. घर उघडंच अस्तं."

एवढंच.

वाटूरच्या फाट्यावर गाडीची वाट बघत मी त्या मुलीला फोन केला. तिने विचारलं, "मामा हो म्हणाला?"

मी म्हणालो, "तो असं म्हणाला. सकाळी मी मळ्यात असतो, बारापर्यंत, घर उघडंच असतं. याच्यापुढे तो काही बोलला नाही."

"म्हणजे येऊ द्यायचं म्हणतोय की मी असताना येऊ नका म्हणतोय?"

"ते मला सांगता येणार नाही."

"सर, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं याला काही किंमत नाही. त्याचे शब्द मी तुम्हाला जसेच्या तसे दिले. तुमच्या आईला तेवढेच सांगा, त्यात काही घालू नका."

ती म्हणाली, "सर, हे तुम्ही वर्गात सांगायला हवं होतं."

प्रशिक्षणवाल्यांनी माझं भाषण लिहून मागितलं होतं. चोरी, अपघात, मारहाण हे भाग मी तसेच दिले. फितूर साक्षीदाराचा भाग तीन वेळा लिहिला. पहिल्यांदा लिहिलं, सूचना घालूच नका. ते चूक आहे. खरोखर विकले गेलेले साक्षीदार मी पाहिले आहेत आणि तिथे गप्प बसणं म्हणजे खटला सोडून देणं. दुसऱ्यांदा लिहिलं, आधार असेल तरच घाला. पण आधार म्हणजे किती, हे मला लिहिता येईना. आत्या सासरच्या गावात असणं हा मला एकेकाळी आधारच वाटला होता. शेवटी लिहिलं की साक्षीदार वेगळं बोलला तर उठण्याआधी तो नेमकं कशाबद्दल वेगळं बोलला आणि कशाबद्दल नाही ते बघा, जे उरलं ते सांभाळा, आणि बाहेर जिन्यावर फिर्यादीला काय सांगता ते विचार करून सांगा. हे मार्गदर्शन झालं का, मला माहीत नाही. त्यांनी शेवटचं वाक्य काढून टाकलं. जिना कुठला, असं विचारत होते.

त्यानंतरच्या आठवड्यात त्या मुलीचा फोन आला. आई जाऊन आली होती, तीही बरोबर गेली होती.

"मामा मळ्यात होता का?" मी विचारलं.

"नाही. गेलाच नव्हता. ओट्यावर बसून होता."

"काय म्हणाला?"

"आईला काही नाही. बघितलंसुद्धा नाही. आई सरळ आजीकडे आत गेली. बऱ्याच वेळाने तो मामीवर ओरडला, तिला जेवायला वाढा म्हणून."

"ओरडला?"

"हो, चांगला ओरडला. मग उठून निघून गेला. याचं काय समजायचं सर?"

मी विचार करून पाहिला. राग असेल, लाज असेल, आणि पुढच्या खेपेला दार बंदही असेल.

"कळत नाही," मी म्हणालो. "आई जेवल्या का?"

"जेवली. आजीच्या खाटेवर बसून, आजीच्या ताटात."